उसाच्या गावची पोरं द्राक्षबागेत

फेब्रुवारीची सकाळ. कोल्हापुरातनं सांगली रोडला लागलो तर पुढं ट्रॅक्टर, त्याच्या मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करायला जागाच नाही. आपण उसाची माणसं ओ. लागण केली, पाणी सोडलं, तुटून गेला की खोडवा. त्यामुळं मित्राचे दाजी तासगावला द्राक्षबाग करतात म्हटल्यावर आमची समजूत एवढीच की जायचं, खायचं आणि चार रील काढायच्या.

अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही, पण हवाच बदलते. पाऊस सह्याद्रीत आणि आपल्या पश्चिम भागात पडून घेतो, पूर्वेला पोचेपर्यंत ढगात फार काय उरत नाही, आणि द्राक्षाला नेमकी तीच कोरडी हवा पायजे. पाणी खालनं, ठिबकनं, मोजून.

आता खरी गंमत ऐका. थंड मुलखात हिवाळ्यात द्राक्षाचं झाड पानं टाकतं, झोपतं आणि ऊन वाढलं की आपोआप फुटतं. आपला हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर नि दुपारी पंखा, त्यात झाड झोपणार कसं? मोकळं सोडलं तर नुसता पाला करत बसतं. मग झोपवायचं नि उठवायचं काम कात्रीवर. वर्षात छाटण्या दोन आणि पीक एकच! एप्रिलला खरड छाटणी, त्यानंतर उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि पुढच्या वर्षी घड लागणार का नाही ते त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, तेव्हाच ठरून जातं. ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी, आणि सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची.

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही झाडाला फसवताय की."
"मी कुठलं फसवतोय पाव्हणं, तेच मला फसवतंय."

कारण फुटल्यावर सुखाचे दिवस नाहीतच. विरळणी करा, घड औषधात बुडवा, ढगाळ झालं की डावण्या, नंतर भुरी, दोन्ही बुरशीचे रोग, आणि मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, अवकाळी आला तर मणी तडकतात. एका रात्रीत वर्ष गेलं. ऊस आडवा पडला तरी कारखान्याला जातो ओ, हे नाही जात.

आमच्यातल्या एकाला तेवढ्यात वाईन आठवली. दाजी हसले. वाईनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची, तो नाद नाशिककडं जास्त. इथं खायचा माल, नाहीतर बेदाणा.

बेदाण्याचं शेड मात्र बघाच. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग सावलीत जाळ्यांवर पसरायचं, पंधरा दिवस धरा. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा. आपल्याकडं गुळाचे सौदे निघतात तसे तासगाव-सांगलीत बेदाण्याचे निघतात.

रील एकच निघाली, तीपण हललेली. येताना पुढं परत उसाची ट्रॉली, आम्ही मागं बेदाणा खात बसलो.

दोन दिवसांनी दाजींचा फोन. म्हटलं हालहवाल विचारायला केला असंल, तर थेट,
"पाव्हणं, तुमच्याकडं आभाळ आलंय का?"