बिनचुंबकाची मोटर

(पन्हाळ्याचा घाट, सकाळ. कॅमेरा गाडीच्या आत.)

पन्हाळ्यावरून वाघबीळकडे उतरणारा हा रस्ता. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे बहाद्दर या रस्त्यानं पुष्कळ पाहिलेत. आता या विजेच्या गाडीच्या स्क्रीनवरचा हा हिरवा पट्टा बघा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपसूक आवळते आणि पट्टा वर चढतो. चढताना चाकं फिरवणारी मोटर उतारावर चाकांकडून फिरवून घेते आणि वीज तयार करते. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. दीड टनाची गाडी तेवढं खाली येते तेव्हा दीड युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत त्यातली बरीचशी ब्रेक तापवण्यात जाते. इथं काही भाग तरी बॅटरीत परत येतो.

(महामार्ग, चार्जिंग स्टेशन. चहाचे कप.)

पुणे-बंगळूर महामार्ग. चहा संपला, चार्जिंग संपायचंय. गिऱ्हाईक कचरतं ते इथंच, म्हणून सगळी चर्चा बॅटरीची. लोह-फॉस्फेटची बॅटरी निकेल-कोबाल्टशिवाय चालते. वजनाला जड, पण स्वस्त आणि टिकाऊ. सोडियमची बॅटरी येऊ लागलीय, ज्याचा कच्चा माल मिठातही सापडतो. आणि सॉलिड स्टेट, म्हणजे आतल्या पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी घन पदार्थ. ती ‘लवकरच’ येणार, असं आपण बरीच वर्षं ऐकतोय.

पण गाडी फिरवते ती मोटर. तिच्यासाठी आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, जाऊ.

(उद्यमनगर. मोटर भरण्याचं दुकान. हातांचा क्लोजअप.)

जळालेली मोटर ‘भरून’, म्हणजे तिची तार नव्यानं गुंडाळून, देणारं हे दुकान. पंचगंगेच्या काठावरच्या पाणबुड्या पंपांपासून गिरणीच्या मोटरीपर्यंत सगळं इथं येतं. खाचेत आधी इन्सुलेशनचा कागद. मग तांब्याच्या तारेचे वेढे, बोटांनी मोजत, बांबूच्या पट्टीनं दाबत. तार कुठं खरवडली तर वरचं वार्निश जातं आणि मोटर पुन्हा जळते. मिस्त्री बोलत नाहीत, कारण वेढे मोजणं चालू असतं.

आज त्यांच्यापुढं वेगळीच मोटर आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी बनवलेली. मिस्त्री आतला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, हातात घेऊन उलटा-पालटा करतात.

“ह्येच्यात म्याग्नेट न्हाई? मग फिरतंय कशानं?”

प्रश्न बरोबर आहे. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांच्या मोटरीत निओडिमियम या धातूची चुंबकं असतात. तापल्यावर त्यांचा जोर जाऊ नये म्हणून त्यात डिस्प्रोसियम हा दुसरा धातू घालतात. या मालावर पकड चीनची. एप्रिल २०२५ मध्ये चीननं अशा धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला, आणि आपल्याकडच्या गाडी कंपन्यांची झोप उडाली.

या मोटरीला ती भानगडच नाही. बाहेरच्या स्थिर भागाला सहा दात, आतल्या रोटरला चार. तांबं फक्त बाहेरच्या दातांवर. आतला रोटर म्हणजे पोलादी पत्र्यांची नुसती चळत. समोरासमोरच्या दोन दातांत वीज सोडली की ते जवळचा पोलादी दात ओढतात. तो समोर आला, की वीज बंद आणि पुढच्या जोडीत चालू. एका फेऱ्यात बारा वेळा. मिनिटाला ६,००० फेरे धरले, तर सेकंदाला १,२०० वेळा.

कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसननं १८४२ मध्ये एडिनबरो-ग्लासगो मार्गावर विजेचं इंजिन चालवून दाखवलं, ते याच जातीच्या मोटरीवर. अडलं ते चालू-बंद करण्यापाशी. तेवढ्या वेगानं आणि तेवढ्या अचूक क्षणी वीज तोडणारी साधनं यायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली. चुंबक टाळायची दुसरीही वाट आहे: रेनो आणि बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत फिरणाऱ्या भागावरही तांब्याची गुंडाळी असते. म्हणजे पुन्हा मोटर भरणंच!

(फाउंड्री. रस ओतताना.)

मोटरीची बॉडी ओतायला मुलं इथं आली. बिडाचा रस नारिंगी पेटलेला असतो. हा ॲल्युमिनियमचा, दुधासारखा. गरम आहे हे डोळ्यांना पटत नाही. वाळू दाबली, आतल्या पोकळीसाठी कोअर बसवला, साचा मिटला. रस एका धारेत जायला हवा. धार तुटली तर कास्टिंगमध्ये सांधा राहतो आणि माल भंगारात. याच हातांनी आधी उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं घडवली, नंतर ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड. विजेच्या गाडीत ब्लॉकही नाही आणि हेडही नाही. त्यावरच पोट असलेल्या फाउंड्रींना दुसरं काम शोधावं लागेल.

(पुन्हा दुकान. संध्याकाळ.)

मोटर भरून झाली. मुलांनी वीज चालू-बंद करणारा कंट्रोलर जोडला, लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा नुसती गुरगुरली. दुसऱ्यांदा फिरली.

(मोटरचा आवाज. पाच सेकंद निवेदन नाही.)

हा कर्कश सूर या मोटरीचं जुनं दुखणं. दात ओढले जातात तशी बाहेरची कडीही आत खेचली जाते आणि थरथरते. मिस्त्रींनी बॉडीवर तळवा ठेवला, डोळे मिटले.

“बेरिंग न्हवं ह्ये. बॉडी जरा जाड वतून आणा.”