भाऊंचं सोनं किती तोळे?

श्रोतेहो, नमस्कार.

तहसील कचेरीतून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. विधानसभेची निवडणूक लागली की उमेदवारांची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं कचेरीबाहेरच्या फलकावर लावायचं काम आमच्या शाखेकडे असायचं. डिंकाची बाटली, टाचण्या आणि एक शिपाई, एवढाच लवाजमा. २०१४ सालची गोष्ट. फलकापुढे दहा-पंधरा माणसं माना वर करून उभी होती. त्यांत एक म्हातारे शेतकरी होते, डोक्याला टोपी, हातात पिशवी. चष्मा घरी राहिला म्हणाले, म्हणून भाऊंचं, म्हणजे आमच्याकडच्या एका उमेदवाराचं, प्रतिज्ञापत्र मीच वाचून दाखवायला लागलो.

"सोनं किती हो भाऊंकडं?"

प्रतिज्ञापत्रात सोनं ग्रॅममध्ये लिहितात. पण ग्रॅममध्ये ऐकून आपल्याकडे कुणाचं समाधान होत नाही, म्हणून मी मनातल्या मनात दहाने भागून सांगत होतो. "भाऊंचं वीस तोळे. वहिनींचं साठ."

"बायकोचं जास्त. म्हणजे माणूस घरचा चांगला आहे," म्हातारबांनी निकाल दिला.

"गाडी?"

"निरंक."

सगळा घोळका हसला. कारण तासाभरापूर्वीच भाऊ पांढऱ्या फॉर्च्युनरमधून उतरून अर्ज भरून गेले होते. पण त्या हसण्यात राग नव्हता बरं का. घरातल्या खोडकर पोराच्या थापेला हसावं, तसं ते हसणं होतं. मग म्हातारबांनी विचारलं, "सोसायटीचं कर्ज आहे का?" मी म्हटलं, आहे, पीककर्ज, दोन लाख. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आमच्यासारखाच कर्जबाजारी की!"

माझ्या नोकरीत पुढाऱ्यांच्या पैशाबद्दल लोकांना काय वाटतं याचे कितीतरी नमुने पाहिले, पण त्या पाच मिनिटांत सगळेच आले होते. पुढारी श्रीमंत आहे याचा आपल्याला खरं तर राग येत नाही. 'खातो, पण काम करतो' हे वाक्य आपण तक्रार म्हणून बोलत नाही, शिफारस म्हणून बोलतो. 'खातही नाही आणि कामही करत नाही' असा माणूस आपल्याला परवडत नाही. राहता राहिला न खाता काम करणारा. त्याचं आपण कौतुक करतो, आणि शक्यतो तो शेजारच्या तालुक्यात असावा असं बघतो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरले, हे महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? २०२१ साली ते गेले तेव्हा एसटीतल्या त्यांच्या गोष्टी फोनाफोनांवर फिरत होत्या. यशवंतराव चव्हाण गेले तेव्हा बँकेत किती रुपये होते, ही गोष्ट तर मी तरुणपणापासून ऐकतोय. सांगणाऱ्यागणिक आकडा बदलतो, कुणी सत्तावीस हजार म्हणतं, कुणी छत्तीस. आकड्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तो छोटा असला म्हणजे झालं. आणि हेच लोक, आपल्या तालुक्यात कुणी एसटीतून उतरून तिकीट मागायला गेला तर काय म्हणतात? "साधी गाडी नाही, हा काय निवडणूक लढवणार!"

विधानसभेच्या उमेदवाराला कायद्याने चाळीस लाखांपर्यंत खर्च करता येतो. २०१४ आणि २०१९ च्या निवडणुकीत ही मर्यादा अठ्ठावीस लाख होती. कागदावर तेवढ्यात निवडणूक होते. कागदाबाहेर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पक्षाच्या मुलाखतीत इच्छुकाला पहिला प्रश्न असतो, खर्चाची तयारी आहे का?

बरं, खर्च काही निवडणुकीपुरता नसतो. लग्नसराईत बघा. मुहूर्ताची वेळ टळून जाते, हातातल्या अक्षता घामाने चिकटायला लागतात, आणि मांडवात सगळे कुणाची वाट बघत असतात? आमदारसाहेबांची. ते येतात, पाकीट देतात, माइकवरून नाव घेतलं जातं, आणि मग मंगलाष्टकं. गणपतीची वर्गणी, सप्त्याची पंगत, क्रिकेटचे चषक, दवाखान्याचं बिल, मुलाची फी. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन जातात तेव्हा भाऊंनी मागच्या वर्षीपेक्षा कमी दिलं, तर आळीभर चर्चा होते. आमदाराच्या पगारातून हे भागत नाही, हे पावती फाडणाऱ्यालाही कळतं. मग ते कुठून येतं, हे आपण विचारत नाही. आहेराच्या पाकिटावर उगम लिहिलेला नसतो. यात आपण फसवले जातो असंही मला म्हणवत नाही. आपला वाटा आपण घेतलेला असतो.

राग कधी येतच नाही असं नाही. पण तो फार लवकर विनोद होतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा झाली. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, ही मुंबईच्या धंद्यातली बोली. ती तोवर खेड्यातल्या आजीबाईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आठ-पंधरा दिवसांत पोळा आला आणि बैलांच्या पाठीवर ती घोषणा रंगवलेली दिसली. पक्षातून फुटण्यासाठी पन्नास-पन्नास कोटी घेतल्याचा आरोप ज्यांच्यावर होता, त्या शिंदे गटाच्या आमदारांनी तो साफ नाकारला. खरंखोटं काय, हा भाग वेगळा. पण पन्नास कोटी हा आकडा ऐकून महाराष्ट्राने केलं काय, तर टाळ्या वाजवल्या.

आता त्या प्रतिज्ञापत्राकडे परत येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. हा कागद आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये संघटना काढली, त्यांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २ मे २००२ ला न्यायालयाने निकाल दिला की, उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष तेव्हा एकत्र आले आणि निकाल बोथट करणारी दुरुस्ती कायद्यात करून मोकळे झाले. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली. पुढे २०१८ साली उत्पन्नाचा स्रोतही सांगा, असा निकाल आला, स्वतःचा, जोडीदाराचा आणि अवलंबितांचाही. खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढं करून आलेला कागद आपण वाचतो कसा? लग्नात मुलीच्या अंगावरचे दागिने मोजतात तसा. सर्वांत श्रीमंत कोण, सर्वांत गरीब कोण. घाटकोपर पूर्वचे पराग शाह यांनी २०२४ मध्ये तीन हजार कोटींवर मालमत्ता जाहीर केली. ते बांधकाम व्यवसायातले. डहाणूचे विनोद निकोले यांनी २०१९ मध्ये जाहीर केली सुमारे एकावन्न हजारांची. दोघेही २०१९ ला निवडून आले, दोघेही २०२४ ला निवडून आले, एकाच सभागृहात. दोघांच्या मतदारांना त्यांच्या पैशाची, किंवा पैसा नसण्याची, अडचण वाटली नाही. मलाही वाटत नाही. एकूण बेरीज हा त्या कागदातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे.

मंडळी, स्थावर मालमत्तेच्या रकान्यांकडे बघा. गट नंबर, क्षेत्रफळ, वारसाहक्काने मिळाली की स्वतः घेतली, घेतली तर कोणत्या तारखेला, केवढ्याला, आणि आज तिचा बाजारभाव काय. पाच वर्षांत मालमत्ता चौपट झाली अशी बातमी येते आणि आपण कपाळाला हात लावतो. पण वडिलोपार्जित चार एकराला भाव चढला असेल तर त्यात भाऊंचा काय दोष? तुमच्या-माझ्या जमिनीचाही चढलाच की. उलट, एखादा गट आठ लाखांना घेतला आणि दोन वर्षांनी त्याच्या उशाशी बाह्यवळण रस्ता आला, तर आठ लाख हा आकडा मामुलीच दिसतो. तिथे बघायची ती तारीख. रस्त्याची आखणी लोकांना कधी कळली आणि खरेदीखत कधी झालं. ती तारीख त्याच पानावर, त्यांच्याच सहीने, नोटरीच्या शिक्क्यासकट लिहिलेली असते. माझ्या सगळ्या नोकरीत फलकापुढे उभं राहून ती तारीख विचारणारा मला एकच माणूस भेटला.

२०१९ ची निवडणूक. तेच म्हातारबा पुन्हा आले. या खेपेला चष्मा होता, पण एक काच तडकलेली. मी सवयीने सोन्यापासून सुरुवात केली. त्यांनी हात केला. "सोनं राहू द्या. जमिनीचं वाचा."

मी वाचत गेलो. वहिनींच्या नावावरचा तिसरा गट नंबर वाचला तसे ते म्हणाले, "थांबा. हा आमच्या बांधाला लागून आहे. आमच्या भावकीतल्या पोरानं विकला, पाण्याच्या भावानं. तारीख काय लिहिलीय?"

मी तारीख सांगितली. ते बोटांवर महिने मोजत राहिले. बराच वेळ मोजत राहिले. मागचा एक जण म्हणाला, "आबा, गाडीचं विचारा की, गाडीचं!" त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"साहेब, ह्याची झेरॉक्स मिळती का?"

म्हटलं, मिळते, कुणालाही मिळते, अर्ज द्यावा लागतो.

"मग लिहून द्या."

मी कोरा कागद घेतला आणि लिहून दिला. त्यांनी खाली सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली.

नमस्कार.