ट्रंकेतली चंद्रकळा

(दृश्य : माळ्यावरून उतरवलेली पत्र्याची ट्रंक. कडी निघते.)

वडगाव, बेळगाव. दुपारची वेळ. शेजारच्या घरातून यंत्रमागाचा खडखडाट येतोय.

ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग जुन्या सुताचा. वर वर्तमानपत्र, खाली पांढरं धोतर, आणि धोतरात गुंडाळलेली ही चंद्रकळा. काळी, नऊवारी, इरकल. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आज्जींना ती माहेरहून आली होती. आज त्यांची नात ती नेसणार आहे. शनिवारी संध्याकाळी टिळकवाडीत गाण्याची मैफल आहे, आणि मैफलीला जायचं तर हेच नेसून, असं तिनं महिनाभर आधीच ठरवलंय.

(दृश्य : पदर उलगडतो. अगदी जवळून.)

हा पदर नीट बघा. तीन लाल पट्टे, त्यांच्यामधे दोन पांढरे. लालात घुसलेले पांढरे सुळके बघा, देवळाच्या शिखरांसारखे. हाच टोपपदर. लुगड्याच्या अंगाला काळ्या सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, आहे, पदराला लाल रेशमाचा. दोन्ही ताणे वेगळे, म्हणून विणायला बसण्याआधी अंगाच्या धाग्याचा फास पदराच्या धाग्याच्या फासात अडकवावा लागतो. एकेक धागा, सगळ्या पन्हाभर. त्यामुळं लांबलचक ताणा चढवून एकामागून एक साड्या काढायची सोय यात नाही. एका लुगड्याला एक ताणा, आणि पुढच्या लुगड्याला पुन्हा पहिल्यापासून फास.

काळं संपून लाल सुरू होतं, तिथं आज्जी बोट फिरवताहेत. बोटाला शिवण लागत नाही. हा जोड विणीतला आहे.

ही वीण बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. मराठी घरांनी गावाचं नाव आपल्या जिभेवर बसवून घेतलं आणि त्याचं इरकल केलं. आपल्या शहापूरचं लुगडंही गावाच्याच नावानं ओळखलं जायचं. १९४८ पर्यंत हे शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला लागून असलेलं शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. कापडाला ती हद्द कधी आडवी आली नाही. इळकलचं लुगडं, गुळेदगुड्डचा खण, धारवाडकडची कसुती म्हणजे हातानं केलेलं भरतकाम, हे सगळं आपल्या आज्ज्यांच्या एकाच ट्रंकेत सापडतं. कन्नड मागावर विणलेलं आणि मराठी घरात नेसलेलं. आम्हाला ही ट्रंक उघडी ठेवून दाखवायची होती ती यासाठीच.

(दृश्य : खिडकीशी धरलेलं कापड. उजेड आरपार येतो.)

जुनं कापड नेसण्याआधी ते असं उजेडाला धरायचं. कुठं विरलंय, कुठं कसर लागलीय, सगळं दिसतं. इथं तीन भोकं, दोन बारीक, एक मोठं. इथं वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहून सुताला पडलेली रेघ. आणि इथं, जिथून कासोटा जायचा, तिथं कापड पार पातळ झालंय. पदर मात्र धडधाकट आहे.

नातीला सहावारी नेसायची आहे. तिनं कात्री हातात घेतली आणि आज्जींचा आवाज आला, तो आमच्या माइकवर आहे तसाच ठेवलाय : "कात्री कशाला काढालीस गं? आधी नेसून तर बघ की."

(दृश्य : आरशासमोर. निऱ्या. पिना. इथं निवेदन नाही.)

नेसून बघितल्यावर हिशेब कळला. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. सहावारीला साडेपाच मीटर पुरतं. जास्तीचे तीन वार निऱ्यांत कोंबले की कमरेशी गोळा होतो. मग आज्जींनीच खूण केली : आतल्या टोकाकडून तीन वार काढायचे, पदराकडून एक बोटही नाही. विरलेला भाग आता निऱ्यांत जातो. तिथं तो झाकला जातो आणि त्याच्यावर ताणही येत नाही.

कात्री एकदाच चालली.

जुन्या इरकलीचे उशांचे अभ्रे आणि पर्सा झालेल्या आम्ही बघितल्यात. त्यात टोपपदर मधोमध कापलेला असतो. कापड विरून गेलं असेल तर तेही करावं, पण नेसता येणारं लुगडं कापू नये.

(दृश्य : सुई. धागा. रफूगाराची बोटं.)

आता रफू. हा भाग आम्ही चार तास चित्रित केला. कापून काढलेल्या तीन वारांच्या कडेतून रफूगार एक धागा ओढून घेतात. त्याच लुगड्याचा, तितकाच जुना, तितकाच फिका पडलेला काळा. बाजारातला नवा काळा धागा भरला असता तर दिव्याच्या उजेडात तो ठिगळासारखा चमकला असता. आधी उभे धागे भरायचे. मग आडवे, एक वरून, एक खालून. नखाएवढ्या भोकाला पाऊण तास.

दोन भोकं अशी मिटली. तिसरं मोठं होतं. ते मागच्या गल्लीतल्या काकूंनी हातात घेतलं.

(दृश्य : कसुती. काळ्यावर पांढरा आणि केशरी धागा.)

कसुतीला कापडावर छाप काढत नाहीत. धागे मोजायचे आणि टाका घालायचा. टाके चार : गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. काकू गवंती घालताहेत. जाताना एक सोडून एक टाका, परत येताना मोकळ्या जागा भरत यायचं. गाठ कुठंच मारायची नाही. आता त्यांनी कापड उलटं केलं, बघा. सुलट कुठलं ते ओळखता येत नाही. मोठ्या भोकाच्या जागी तुळशीवृंदावन उभं राहिलं. मग एकटं बरं दिसेना, म्हणून पदराच्या अलीकडं आणखी दोन.

चंद्रकळेवर कसुती ही पूर्वी नवरीच्या रुखवताची चीज. इथं ती दुरुस्तीला आली, आणि शोभली.

ब्लाउजचं थोडक्यात सांगतो. आज्जींची खणाची चोळी नातीला दंडात आणि छातीत बसत नव्हती. शिंप्यांनी बाजूच्या शिवणी उसवून बगलेखाली चंद्रकळेच्याच काळ्या कापडाच्या पट्ट्या घातल्या. खणाला कात्री लावली नाही. उद्या पट्ट्या काढल्या तर चोळी पुन्हा आज्जींच्या मापाची. तीन वारांतलं बाकीचं कापड ट्रंकेत परत गेलं, पुढच्या रफूचा धागा त्यातूनच निघणार आहे.

धुण्याआधी ओलं पांढरं फडकं पदराच्या कोपऱ्यावर दाबून बघितलं, लाल उतरतो का. उतरला नाही. मग रिठ्याचं पाणी, सावलीत वाळवणं.

(दृश्य : गल्लीचा रस्ता. बंद दार.)

जुनी जरी विकत घेणारे गल्लीत येतात, साड्या जाळून चांदी काढतात. कितीतरी लुगडी भांड्यांवर बोहारणीकडं गेली. वडगाव-खासबागेत हातमागाचा आवाज आता शोधावा लागतो.

(दृश्य : शनिवार, संध्याकाळचे सहा. दिवे लागलेत.)

ती निघाली. काळं अंग, लाल पदर खांद्यावरून मोकळा सोडलेला, वृंदावनं बरोबर कमरेपाशी. गळ्यात आज्जींची बोरमाळ. पायात साध्या कोल्हापुरी.

(दृश्य : आज्जी उंबऱ्यात. नात वाकते. इथं निवेदन नाही, फक्त आवाज.)

ही मैफलीतली गर्दी. बेळगावला गाण्याची ओढ जुनी आहे; १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म इथून जवळच, सुळेभावीला झाला. मध्यंतरात तीन बायका उठून नातीकडं आल्या. त्यांतल्या एकीनं काही न बोलता पदराचं टोक उचलून काळ्या-लालाचा जोड बोटानं चाचपून बघितला.

(दृश्य : रात्री अकरा. दांडीवर चंद्रकळा, पंख्याचा वारा.)

घाम लागलेलं कापड लगेच ट्रंकेत घालायचं नाही. रात्रभर वारा. सकाळी मलमलीचं धोतर पुन्हा अंथरलं. डांबरगोळ्या आता चिंधीच्या पुरचुंडीत, कोपऱ्यात, कापडाला न लागता.

नात जुन्या रेघेवरच घडी घालायला निघाली. आज्जींनी तिचा हात धरला, कापड चार बोटं पुढं सरकवलं आणि तिथं मोडलं.