दुखणं जात नसलं तरी

रामराम राजेहो, रामराम माय-बहिणींनो. आजचं बोलणं ज्यांच्या घरी दुखणं मुक्कामालाच येऊन बसलंय त्यांच्यासाठी.

माझ्या भाचीला सिकलसेल आहे. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडं हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तातली लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसेत अडकते, मग हाडं ठणकतात, थंडी पडली की, पाणी कमी पडलं की जास्तच. मायबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी रक्तात हा दोष असला, तर प्रत्येक लेकराला २५ टक्के धोका, एवढंच त्याचं कारण, मागच्या जन्माचं पापबीप काही नाही.

ताई दिवसभर कापूस वेचून येते, बोंडानं बोटं ओरबाडलेली, अन त्याच बोटांनी रात्रभर पोरीचे गुडघे शेकते. शेगावला पायी जाऊन आली, गुरुवार धरले, नवस बोलली, पण दुखणं काही गेलं नाही. मग लोक तिलाच म्हणतात, श्रद्धा कमी पडली असंल. हे ऐकलं की माझं डोकं तापते खरंच!

आपल्या अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज पाहा ना. जन्म १८८१ चा, तान्हेपणीच दृष्टी गेली, १९१५ मध्ये देह ठेवला तोवर ती परत आली नाही. तरी ज्ञानेश्वर माउलीला बाप मानून स्वतःला त्यांची कन्या म्हणवत राहिले. त्यांची श्रद्धा कमी होती म्हणायची कोणाची हिंमत आहे?

अन देवापुढं गप्पच बसा असं बी कुठं आहे, जनाबाईनं तर विठ्ठलाला चांगलं फैलावर घेतलं होतं. ताई पण शेगावच्या गजानन महाराजांच्या फोटोसमोर बसून भांडते, "काऊन ऐकून नाही राह्यले महाराज तुम्ही?" मला तर तिच्या त्या भांडणातच भरवसा दिसते, परक्याच्या दारात जाऊन कोण एवढं हक्कानं बोलते सांगा. अंगारा लावते, पण डॉक्टरनं दिलेली गोळी चुकवत नाही, तुम्ही पण चुकवू नका.

उत्तर अजून आलेलं नाही, कधी येईल तेही मी सांगू शकत नाही. पण तुमच्या शेजारी असं कोणी असंल तर आज जा, उपदेश नका करू, पाण्याचा तांब्या भरून उशाशी ठेवा अन म्हणा, भांड बाई तू महाराजांशी, मी आहे तुझ्या बाजूनं.