एक हजार गुणांची पुस्तिका

पडद्यावर दिसतेय ती कुपन पुस्तिका: चेकोस्लोव्हाकियातल्या सरकारी कारखान्यांचे शेअर लोकांत वाटण्याच्या योजनेतली. किंमत 35 कोरुना (तिथलं चलन). तिच्यावर 1000 कोरुनांचं सरकारी तिकीट चिकटवून नोंदणी केली, की माणसाच्या नावावर शेअर मागण्यासाठी 1000 गुण जमा होत. साधारण पाव महिन्याच्या पगारात चेकोस्लोव्हाकियातला 18 वर्षांवरचा कोणीही नागरिक कारखान्यांचा भागधारक व्हायला मोकळा होता.

नोव्हेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा जवळपास सगळे उद्योग सरकारचे होते. जानेवारी 1991 पासून छोटी दुकानं लिलावात निघाली, जप्त झालेली काही मालमत्ता मूळ मालकांकडे परत गेली. अडचण होती ती पोलाद, यंत्रं, बिअर, काच बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांची. ते विकत घेण्याइतकी बचत लोकांकडे नव्हती. म्हणून अर्थमंत्री वात्स्लाव क्लाउस आणि या योजनेचे रचनाकार दुशान त्रिस्का यांनी शेअर वाटायचे ठरवले, पण फुकट नाही, बोली लावून.

पहिली फेरी मे 1992 मध्ये सुरू झाली. सुमारे दीड हजार कंपन्या, सगळ्यांचा भाव एकच: 100 गुणांना 3 शेअर. लोकांनी मागणी नोंदवायची, हिशेब संगणक करणार. मागणी कमी पडली, तर मागतील त्यांना शेअर मिळत आणि उरलेले पुढच्या फेरीत स्वस्त होत. मागणी 25 टक्क्यांपर्यंत जास्त असली, तर कात्री गुंतवणूक फंडांच्या, म्हणजे लोकांचे गुण गोळा करून शेअर मागणाऱ्या संस्थांच्या, मागणीला लागे, सामान्य माणसाला पूर्ण वाटा मिळे. त्याहून जास्त असली, तर कोणालाच काही नाही. गुण परत आणि पुढच्या फेरीत भाव चढा. अशा पाच फेऱ्यांत, म्हणजे वाटपाच्या पहिल्या लाटेत, नव्वद टक्क्यांहून जास्त शेअर खपले. वाटपाची ही यंत्रणा खरोखर उत्तम होती, हे मान्य करायला हवं.

घोळ झाला तो फंडांत.

सुरुवातीला पुस्तिकांना फारसा उठाव नव्हता. मग व्हिक्टर कोझेनी या तरुणाच्या 'हार्वर्ड' फंडांची जाहिरात आली: गुण आमच्याकडे द्या, एक वर्ष आणि एक दिवसानंतर 1035 कोरुनांचे दहापट घेऊन जा. नोंदणीसाठी रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली. शेवटी सुमारे 85 लाख लोकांनी नावं नोंदवली, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त गुण चारशेवर फंडांकडे गेले.

कोणत्याही फंडाने एका कंपनीचे 20 टक्क्यांहून जास्त शेअर घेऊ नयेत, असा नियम होता. पण बहुतेक मोठे फंड चालवत होत्या बँकांच्या उपकंपन्या, आणि त्या बँकांत मोठा भागधारक सरकारच. म्हणजे बँकेने कारखान्याला कर्ज द्यायचं, तिच्याच फंडाने त्याच कारखान्याची मालकी सांभाळायची. असा कारखाना बुडीत निघाला, तरी बँक त्याला दिवाळखोरीत कशी ढकलणार? जुन्या कर्जावर नवं कर्ज चढत गेलं.

दुसरी खोट जास्त वाईट. आपल्याकडे खुल्या म्युच्युअल फंडाचं युनिट परत करून त्या दिवसाच्या मूल्याने पैसे मिळतात. हे फंड बंद स्वरूपाचे होते. बाहेर पडायचं, तर आपला हिस्सा बाजारात विकायचा, तोही फंडाच्या मालमत्तेच्या मानाने बऱ्याच कमी भावाने. त्यात बाजाराबाहेर, खरा भाव उघड न करता सौदे करण्याची मुभा. मग व्यवस्थापक काय करी? फंडातले चांगले शेअर स्वतःच्याच खासगी कंपनीला मातीमोल भावाने विकी, आणि तीच कंपनी ते चढ्या भावाने पुढे काढी. फायदा कंपनीला, तोटा फंडातल्या लाखो लोकांना. कारखान्यांतही हेच: माल स्वस्तात 'आपल्या' कंपनीला, कच्चा माल तिच्याकडूनच महागात. चेक भाषेत याला 'तुनेलोवानी' हा शब्द रूढ झाला. बाहेरून इमारत धडधाकट, आतून बोगदा पाडलेला.

1993 च्या पहिल्या दिवशी देश दुभंगला. स्लोव्हाकियाने पुढे वाटपाची दुसरी लाट रद्द करून कुपनांऐवजी कर्जरोखे दिले. चेक प्रजासत्ताकाने ती पुरी केली, साठ लाखांवर लोकांसह. 1996 मध्ये फंडांचा कायदा कडक होणार असं दिसताच अनेक फंडांनी स्वतःला साध्या भागभांडवली कंपन्यांत बदलून घेतलं, कारण अशा कंपन्यांना तो कायदा लागूच नव्हता. हार्वर्ड फंडही त्यांत होते. रोखे बाजारावर देखरेख ठेवणारा आयोग कामाला लागला 1998 मध्ये. पुस्तिकेवर तिकीट चिकटवून रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना तोवर सहा वर्षं उलटली होती.