लोंबत्या जिरेनियमची टोपली

श्रोतेहो, नमस्कार.

आल्प्सच्या कुशीतल्या लाकडी घरांच्या सज्जांवरून लाल-गुलाबी फुलांचे झुबके खाली लोंबताना तुम्ही फोटोत पाहिले असतील. ते आयव्हीसारख्या पानांचं जिरेनियम. मूळ मात्र दक्षिण आफ्रिकेतलं. पान हातात घेऊन बघा: जाडसर, गुळगुळीत, पाच कोनांचं. पानातच पाणी साठवणारं हे झाड. म्हणून ते तहानेने क्वचित मरतं, आपल्या मायेने जास्त!

पुणे, नाशिक, महाबळेश्वरकडे लागवड ऑक्टोबरअखेर करा. बारा इंची टोपलीला तीन रोपं पुरेत. मिश्रणात दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि माती, शेणखत, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) प्रत्येकी एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. भिजलेली टोपली सहा-सात किलो भरते, तेव्हा हूक पक्का हवा.

पाण्याची वेळ घड्याळ नाही, टोपली सांगते. खालून तळहात लावून उचला. हलकी लागली तरच पाणी घाला, आणि घालाल तेव्हा तळातून निथळेपर्यंत. रोज सकाळी वाटीभर शिंपडलं तर वरचा थर ओला राहतो आणि खालची मुळं कोरडी.

आता पान उलटून पाहा. मागे बारीक, खरबरीत, बुचासारखे फोड दिसतात? बहुतेक जण बुरशी समजून औषध फवारतात. हा रोगच नव्हे. ढगाळ, दमट हवेत मुळं पाणी ओढतात, पण पानांतून ते बाहेर पडत नाही. आतल्या पेशी फुगून फुटतात. पानं तोडू नका, त्याने पाणी बाहेर पडायची वाट आणखी कमी होते. पाणी कमी करा, वारा आणि ऊन वाढवा. जुने डाग जात नाहीत, नवी पानं स्वच्छ येतात.

रोप चार-पाच पानांचं झालं की शेंडा खुडा. १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश) सारख्याच प्रमाणात असलेलं खत, लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. कळ्या दिसल्या की पोटॅशचं प्रमाण जास्त असलेलं खत. नत्राचा मारा केलात तर हिरवा वेल मिळेल, फुलं नाहीत. सुकलेला झुबका देठासकट, सांध्यापाशी मोडा.

फाटे हिवाळ्यातच लावा: तीन-चार इंचांचे, पेराखाली कापलेले, खालची पानं काढून, दोन-तीन तास सावलीत सुकवून. वर प्लॅस्टिकची पिशवी झाकू नका; कोंडलेल्या ओलाव्यात खोड तळापासून काळं पडतं.

एप्रिल-मेमध्ये फुलं थांबली तर घाबरू नका, उष्णतेने थांबतात. टोपली सकाळचंच ऊन मिळेल अशी हलवा. आणि जूनचा पहिला पाऊस यायच्या आत ती छपराखाली, वारा खेळेल अशा जागी आलेली असू द्या.