डूलॅली टॅप: ब्रिटिश विनोदाची चिल्लर

आज तुमच्यापुढे मांडणार आहे ती माहिती कुठल्याही परीक्षेत उपयोगी पडणार नाही. खिशात चिल्लर असते ना, तशी. मोजायला कंटाळा येतो, पण टाकवतही नाही.

नाशिकरोडला बोलतोय म्हणून सुरुवात एका प्रश्नाने करतो. बीबीसीवर आठ वर्षं चाललेली एक विनोदी मालिका आपल्या महाराष्ट्रात घडते. कुठे? हात वर करा. नाही? देवळालीला! इथून चार-पाच मैलांवर. 1974 ते 1981, एकूण 56 भाग. मालिकेचं नाव ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘आई गं, काय उकडतंय इथे!’ घरापासून दूर पडलेलं पोरगं आईला पत्र लिहितंय, तसा तो सूर आहे.

त्याआधी थोडं देवळालीबद्दल. हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना परतीच्या बोटीची वाट बघायला इथल्या छावणीत आणून ठेवायचे. बोटी फक्त थंडीच्या दिवसांत सुटायच्या. त्या हंगामात तुमचा नंबर लागला नाही, तर अख्खा उन्हाळा इथेच. कवायत नाही, काम नाही. माणसं चिडायची, प्यायची, भ्रमिष्टासारखी वागायची. त्यावरून इंग्रजीत शब्दच रूढ झाला, ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, हे ओळखू येतं. पण टॅप? तो नळ नव्हे हो! तो आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे ताप गळून पडला आणि नुसतं ‘डूलॅली’ उरलं. लंडनमध्ये आजही कुणाचं डोकं फिरलं की हाच शब्द निघतो, आणि बोलणाऱ्याला आपण देवळाली कॅम्पचं नाव घेतोय याचा पत्ताही नसतो.

मालिका दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांतली. देवळालीत तोफखान्याची एक नाटकमंडळी आहे. सोल्जरच, पण काम नाचगाण्याचं. त्यांतला एक तर कायम स्त्रीपार्टी. बालगंधर्व पाहिलेल्या आपल्या आजोबांना यात काही नवल वाटलं नसतं. त्यांच्या सार्जंट-मेजरच्या मात्र अंगाचा तिळपापड होतो. या सगळ्यांना बर्माच्या जंगलात लढायला धाडायचं, एवढं एकच त्याचं स्वप्न. गंमत बघा, जिथून सुटायला मिळत नाही म्हणून माणसं वेडी व्हायची, त्याच देवळालीत राहायला मिळावं म्हणून ही मंडळी जिवाचा आटापिटा करतात.

जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकांनी हे हवेतून काढलं नव्हतं. पेरी स्वतः देवळालीच्या त्या मंडळीत होता. क्रॉफ्ट पुण्याला फौजेच्या करमणूक खात्याचा अधिकारी होता. या जोडीची आधीची मालिका ‘डॅड्स आर्मी’ जास्त गाजली, 1968 ते 1977. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात म्हातारे आणि लढायला न चालणारे लोक मिळून आपल्या इंग्लिश गावाचं रक्षण करतात. तिथली चिल्लर मला फार आवडते. त्यात कॅप्टन झालेला आर्थर लो खऱ्या फौजेत सार्जंट-मेजर होता आणि त्याच्या हाताखालचा सार्जंट झालेला जॉन ल मेझुरिए खराखुरा कॅप्टन. तोही हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर! म्हणजे वरचा खाली आणि खालचा वर. आणि गॉडफ्रे नावाचा तो मवाळ म्हातारा, सारखी बाहेर जायची परवानगी मागणारा, तो आर्नल्ड रिडली. मालिकेत त्याची टवाळी होते, कारण पहिल्या महायुद्धात त्याने हत्यार उचलायला नकार दिलेला असतो. खरा रिडली 1916 साली सॉमच्या लढाईत संगिनीने जखमी झाला होता, डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला होता. प्रेक्षक हसत असतात ते त्याच्या भित्रेपणाला. हे वाचल्यापासून मला त्या पात्राला नीट हसता येत नाही, हे कबूल करतो.

असाच दुसरा माणूस ‘फॉल्टी टॉवर्स’मध्ये भेटतो. 1975 आणि 1979 मिळून या मालिकेचे भाग अवघे 12. आपल्याकडे बाराव्या भागापर्यंत सासूचा चेहराही पुरता दाखवून होत नाही! इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या एका हॉटेलात उतरला असताना तिथल्या मालकाचा तुसडेपणा बघून मालिकेचा लेखक-नट जॉन क्लीज याला बॅझिल, म्हणजे मालिकेतला हॉटेलमालक, सुचला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला सांगायचंय ते वेटर मॅन्युएलबद्दल. तो बार्सिलोनाचा, इंग्रजी समजत नाही म्हणून मालकाच्या टपल्या खाणारा. ते काम करणारा अँड्र्यू सॅक्स जन्मला बर्लिनला. वडील ज्यू, म्हणून 1938 साली घरदार सोडून हे कुटुंब इंग्लंडला आलं. स्पॅनिश ढब जमेल की नाही या शंकेने त्याने आधी विचारलं होतं, वेटर जर्मन केला तर चालेल का? आता तो गाजलेला भाग आठवा. हॉटेलात जर्मन पाहुणे उतरलेत, युद्धाचा विषय काढू नका असं बजावत बॅझिल स्वतःच युद्धाशिवाय दुसरं काही बोलत नाही. आणि त्याच हॉटेलात टपल्या खात वावरतोय हिटलरच्या बर्लिनमधून पळून आलेला मुलगा. पुढे मालिका स्पेनला गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी मॅन्युएलला इटालियन करून टाकलं. आपल्या माणसाला कोण हसणार?

देवळालीकडे परत येतो. तिथला रंगी राम बेअरर, म्हणजे साहेबांचा पट्टेवाला, उठताबसता ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो. ती भूमिका केली मायकल बेट्सने. गोरा माणूस, चेहरा रंगवून, पगडी घालून. बीबीसी आज ही मालिका पुन्हा दाखवत नाही त्यामागे हे मोठं कारण आहे, आणि ते मला पटतं. सावळा नट मिळत नव्हता असंही नाही. बाकीचे तिथेच होते. पण बेट्सचा जन्म झाशीचा. हिंदुस्थानी अस्खलित बोलायचा, युद्धात गुरख्यांच्या पलटणीत मेजर होता. म्हणजे झाशीत जन्मलेला इंग्रज हिंदी माणूस बनतो आणि तो हिंदी माणूस स्वतःला इंग्रज म्हणवतो. कोण कुणाची नक्कल करतंय, मला अजून सांगता येत नाही.

1978 मध्ये बेट्स वारला. त्याच्या जागी दुसरा रंगी राम आणला नाही. चहावाला मुहम्मद आणि पंखा ओढणारा रमझान, दोघांना जास्त काम मिळालं. चहावाला झालेला डिनो शफीक मूळचा ढाक्याचा. हाच पुढे ‘माइंड युअर लँग्वेज’मध्ये इंग्रजी शिकायला वर्गात बसला, आणि त्या वर्गाचं आपल्याकडे ‘जबान संभालके’ झालं, ते तुम्ही दूरदर्शनवर पाहिलंच असेल.

या शफीकचं एक काम मात्र श्रेयनामावलीतलं. भाग संपलाय, पडद्यावर नावं सरकतायत आणि ढाक्याचा हा चहावाला इंग्लंडच्या वैभवाचं, त्यांच्या अभिमानाचं गाणं तन्मयतेने सुरू करतो. दोन ओळी होतात न होतात, तोच मागून सार्जंट-मेजर खेकसतो, ‘शट अप!’